बदलीचं रगत

"ही शीर बघा. गाढवालाही सापडेल."

सरांनी माझा हात टेबलावर आपटला आणि कोपराच्या वर रबरी पट्टा आवळला. हात माझा. पण तो धरून सर बोलत होते वर्गाशी. मटणाच्या दुकानात गिऱ्हाईकाला मांडी दाखवतात ना, तसं.

"वाडीची माणसं ही. लाकडं फोडून, पाणी वाहून यांच्या शिरा दोरखंडासारख्या होतात. कातडी जाड. दुखत नाही यांना. चला, एकेकानं या."

एकेक आला.

त्या पहिल्या दिवशी माझ्या हातात अकरा जणांनी सुई खुपसली. अकरा सांगते, खरं तर सात होते. पण सातवा जो होता तो एकटाच पाच जणांच्या वाटणीचं टोचत होता, म्हणून मी अकरा धरते. सातवा म्हणजे सरांचा पुतण्या. सुई आत घालून तो असा ढवळायचा, जसं काय माझ्या हातात त्याची अंगठी पडलीय.

मी वाढवून सांगते, हे आधीच कबूल करते. आमच्या वाडीत न वाढवता सांगणाऱ्याचं कोण ऐकत नाय. आमचा आजा एका घोरपडीची गोष्ट सांगायचा. ती घोरपड दर वर्षी हातभर वाढायची. मी दहावीला गेले तेव्हा ती कासू स्टेशनच्या फलाटात मावेनाशी झाली होती. तर त्या वर्षभरात माझ्या हातातनं निघालेलं रक्त भोगावती नदीत सोडलं असतं तर पेणचा बाजार बुडाला असता, असं मी म्हटलं, तर तुम्ही बादलीभर धरा. तांब्याभर धरा. पण अपमान सांगते तेवढाच धरा. त्याला वाढवायची मला कधी गरज पडली नाय.

आम्ही कातकरी. बारावी सायन्स करून लॅब टेक्निशियनच्या कोर्सला गेलेली वाडीतली मी पहिली पोरगी. वर्ग पेणला, गणपतीच्या कारखान्यांच्या गल्लीत. दुसऱ्या वर्षाचं प्रशिक्षण रोह्याला, सरांच्या स्वतःच्या लॅबमध्ये. म्हणजे शिकवणारे सर, राबवून घेणारे सर, आणि वर्षाच्या शेवटी लॉगबुकावर सही करणारेही सरच. सही नाय तर परीक्षा नाय. आमच्या वर्गात हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण लागू फक्त मला होतं.

माझं नाव हजेरीपुस्तकात होतं. तोंडात कुणाच्या नव्हतं. मी 'वाडी'.

"ए वाडी, काचा धू."

"वाडी, हात आण."

हात आण! जसा काय मी तो कपाटात ठेवून आले होते. आमच्या गल्लीतल्या कारखान्यांत गणपतीचे हात वेगळे साच्यातनं काढतात आणि फळीवर ओळीनं वाळत घालतात. नुसते हात, धड नाय, तोंड नाय. वर्गात जाता-येता मी ते बघायची आणि मुकाट पुढं जायची.

आणि बरं का, याच सरांनी पेणच्या वर्गात आम्हाला पडद्यावर चित्रं दाखवून 'प्रोफेशनल प्रॅक्टिस' शिकवलं होतं. दवाखान्यात माणसाशी वागायचं कसं, त्याचा धडा. पेशंटला नाव विचारा. पूर्ण नाव. त्याच्या स्वतःच्या तोंडून येऊ द्या. सुई लावायच्या आधी परवानगी घ्या. ट्यूबवर नाव लिहा ते पेशंटच्या समोर, नंतर नाय. मी ते सगळं हिरव्या शाईनं लिहून घेतलं. खाली दोन रेघा मारल्या. मला ते फार आवडलं होतं. आमच्या लोकांना दवाखान्यात कुणी नाव विचारलेलं मी बघितलं नव्हतं. 'ए, तिकडं बस' एवढंच बघितलं होतं. मला वाटलं, हे एक दुकान असं आहे की जिथं आधी नाव विचारतात. मी बरोबर ठिकाणी आले.

येडी.

एकदा सरांनी माझं रक्त काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली लावलं. पुतण्याला म्हणाले, "बघ रे, उंदीर दिसतो का पळताना."

वर्ग हसला. आमच्या लोकांनी उंदीर खाल्लेत, भूक लागली तेव्हा खाल्लेत, ते सगळ्या जिल्ह्याला माहीत आहे. पण सांगायची गोष्ट ती नाय. सांगायची गोष्ट ही की मीपण हसले. सगळ्यांच्या बरोबर, दात काढून हसले. त्यांनी टोचलेलं कधीच भरून आलं. ते हसणं अजून आत सुईसारखं अडकलंय.

मग दिवाळीच्या आधी पुतण्यानं एकदा सुई इतकी खोल घातली की कोपरापासून करंगळीपर्यंत वीज गेली. मी किंचाळले. सरांनी मागून माझ्या तोंडावर हात दाबला. हातमोजा घातलेला, स्पिरिटचा वास मारणारा हात.

"आवाज नाही. बाहेर पेशंट बसलेत."

पुतण्या म्हणाला, "काका, हिची नस हलते."

"नस हलत नाही. ही हलते. धरा रे हिला."

दोघांनी खांदे धरले. त्यांनी परत टोचलं. मी तिथंच टेबलावर ओकले आणि ते पुसलंही मीच. आठ दिवस करंगळी मुकी होती. हात जांभळा, हिरवा, पिवळा, सगळे रंग झाले. घरी आईनं विचारलं तर सांगितलं, गाडीच्या दारात सापडला. ही माझी सगळ्यात मोठी थाप. आजाची घोरपड तिच्यापुढं पाल.

का नाय बोललीस, असं मला आता पुष्कळ जण विचारतात. एसीत बसून विचारतात. सही हवी होती म्हणून नाय बोलले. आणि माझ्या मनात कुठंतरी बसलं होतं की माझ्यावर होऊ दे, मी सोसते. मी एकदा पास झाले की माझ्यानंतर वाडीत हे कुणाला सोसायला लागणार नाय.

त्या समजुतीचं नाक दिवाळीनंतर कापलं गेलं. सरांनी शिबिर काढलं. 'आदिवासी बांधवांसाठी मोफत रक्ततपासणी.' फ्लेक्स केवढा म्हणता! आमच्या शाळेपेक्षा मोठा. त्यावर सर हात जोडून उभे. आणि वाडी कुठली? आमचीच.

"तुझ्या लोकांना गोळा कर," सर म्हणाले. "तेवढंच तुझं काम. तू सुई धरायची नाही. आपली पोरगी टोचतेय म्हटल्यावर तुझी माणसं डोक्यावर बसतील."

मी गोळा केली. दारोदार फिरले. कोण नदीवर होतं, कोण लाकडाला गेलं होतं. म्हातारे घाबरत होते. मी त्यांना काय काय थापा मारल्या! म्हटलं, मुंगी चावल्यासारखं होतं, मला रोज टोचतात, बघा जिवंत हाय का नाय. लोक हसले आणि आले. माझ्या शब्दावर आले.

शाळेच्या पडवीत टेबल लावलं होतं. आशाताईकडच्या यादीवरनं नंबराच्या चिठ्ठ्या वाटल्या होत्या. मी एक म्हातारी घेऊन आले तेव्हा पुतण्या ट्यूबांवर लिहीत होता. वाडी-१, वाडी-२, वाडी-३.

मी म्हटलं, "सर, नावं?"

"सगळे वाघमारे नाहीतर पवार. नावं लिहीत बसलो तर उद्या उजाडेल. नंबर टाका."

"पण सर, तुम्हीच शिकवलंय…"

"ते पेशंटसाठी. हे शिबिर आहे. जा, अजून माणसं आण."

मी गेले. हे पण लिहून ठेवते, की मी गेले. मागं पडवीत एका म्हाताऱ्याला चार वेळा टोचून रक्त त्याच्या धोतरावर ओघळलं. एका बाईला आमच्या वर्गातल्या दोघींनी भिंतीला दाबून धरलं. तिला सोडा म्हणून सांगायला तिच्या तोंडात शब्द नव्हता आणि माझ्याही नव्हता.

माझी वहिनी जनी तेव्हा आठव्या महिन्यात होती. माझ्या थोरल्या भावाची बायको, माझ्याहून वर्षाभरानं लहान. पाण्याची एक कळशी उचलली की तीनदा बसायची. नखं मिठासारखी पांढरी. खालच्या पापणीत लाल रंग म्हणून नाय. तिच्यासाठीच तर मला हे शिबिर हवं होतं. वाटलं, कागदावर एकदा आकडा आला की भाऊ तिला भट्टीवर नेणार नाय. दिवाळीनंतर आमच्याकडं विटांच्या भट्टीवर न्यायला टेंपो येतो. तो कुठल्या कुठं घाटावर नेऊन टाकतो. तिथं डॉक्टर नाय, रस्ता नाय, आणि आठव्या महिन्याच्या बाईला चिखल तुडवायला लागतो. कागद असला की भाऊ ऐकेल. वाडी माणसाचं ऐकत नाय, कागदाचं ऐकते.

यादीत जनीचा नंबर सतरा.

दोन दिवसांनी सकाळीच पुतण्या मोटरसायकलवरनं सगळे कागद वाडीत वाटून आला. दुपारी मी लॅबच्या रजिस्टरात बघितलं. वाडी-१७. हिमोग्लोबिन बारा पूर्णांक आठ.

बारा पूर्णांक आठ! बारा-आठची बाई बैलाला ढकलते. जनीला मांजर ढकलायचं.

मी सरांकडं गेले. "सर, सतरा नंबर परत करायला लागेल. ती माझी वहिनी हाय. तिचं बारा नसणारच."

"मशीन खोटं बोलत नाही," सर म्हणाले. "तू बोलतेस. त्याबद्दल तुझी ख्याती आहे."

हे त्यांचं बरोबर होतं. मी आयुष्यभर इतक्या गोष्टी फुगवून सांगितल्या होत्या की खरी गोष्ट सांगायला गेले तर तिला उभं राहायला जागा नव्हती.

मी पुतण्याला गाठलं. गोड बोलले. "सतरा नंबर आठवतो का रे? सारखं टोचायला लागलं असेल ना?"

"ती होय! तीनदा टोचलं. हातभर गोंदण होतं तिच्या, मोठा विंचू. त्याच्याखाली शीर दिसेना."

जनीच्या हातावर गोंदण नाय. तिच्या पिढीत कुणी गोंदत नाय. विंचू माझ्या आईच्या हातावर आहे.

मी जिन्यात जाऊन आईला फोन लावला. "आये, शिबिरात जनीच्या चिठ्ठीवर कोण बसला?"

"मी बसले." आवाजात केवढा अभिमान! "तिच्या अंगात रगत हाय कुटं गो? त्यातला पन ही काडून घेतील. मी दिला तिच्या बदली."

बदली. हे आमच्याकडं असंच चालतं. एखादी बाई तापानं पडली तर तिच्या जागी भाताच्या आवणीला तिची जाऊ उभी राहते. लाकडाच्या मोळीला बहीण जाते. मुकादम डोकी मोजतो, तोंडं बघत नाय. एकीचं अंग दुसरीच्या जागी लावायचं, एवढी एकच श्रीमंती आमच्याकडं आहे. आईनं तीच केली. तिला वाटलं, रक्त हे लोक घ्यायला आलेत. ते माघारी काय सांगणार आहेत, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मीपण नाय. मी तिला मुंगीची गोष्ट सांगितली होती.

टेबलाशी बसलेल्या एकानं नुसतं 'तुझं नाव काय?' विचारलं असतं तर आईनं स्वतःचं नाव सांगितलं असतं. खोटं बोलायचं तिच्या डोक्यात नव्हतंच. पण चिठ्ठी पुढं केली आणि हात पुढं केला, तर त्यांनी हात घेतला.

"आये, दादाला दे."

भाऊ फोनवर आला. मागनं इंजिनाची घरघर येत होती.

"दादा, तो कागद खोटा हाय. जनीला नको नेऊ."

"कागदाव बारा लिवलाय. आशाताईनं वाचला. चांगला हाय म्हनाली."

"तो आयेचा हाय!"

"तू शिकाऊ. कागद मोठा का तू मोठी? टेंपो आलाय, सामान चढवतो." फोन ठेवला.

मी परत आत गेले. आत सर, पुतण्या आणि वर्गातली चार जण. मी म्हटलं, "सर, आत्ताच्या आत्ता आशाताईंना फोन करा. सांगा की सतराचा कागद रद्द. बाई मरेल. बाकीच्यांचंही कोणाचं रक्त कोणाच्या नावावर गेलंय ते कुणालाच माहीत नाय."

सरांनी खुर्चीतनं उठायचीही तसदी घेतली नाय. "उद्या पेपरला फोटो येतोय शिबिराचा. तुला सही हवीय ना? मग बस. हात दे. हिला बांधा रे, आज मोठी सिरिंज घ्या. दोन सिरिंज रक्त गेलं की बडबड थांबते."

पुतण्यानं माझं मनगट धरलं. पट्टा आवळला. दुसऱ्या हातानं त्यानं माझी वेणी धरली आणि मान मागं ओढली.

यानंतर काय झालं ते रोह्यात आठ प्रकारे सांगतात. कोण म्हणतं मी सरांच्या मानेत सुई खुपसली. कोण म्हणतं सगळी लॅब फोडली. मी स्वतः वाडीत सांगते तेव्हा दोन दारं आणि एक पंखाही पाडते. पण इथं लिहायला बसलेय तर झालं तसं लिहिते.

मी कोपर मागं मारलं. जाड कातडीच्या, लाकडं फोडलेल्या हाताचं कोपर. पुतण्याचा पुढचा दात पडला. टक्कन आवाज आला. वेणी सुटली. एक जण धावून आला, त्याला स्टुलासकट भिंतीवर ढकललं. भिंतीवर सरांचं प्रमाणपत्र होतं, ते खाली आलं, काच सगळीकडं झाली. बायकी किंकाळी आली ती सरांची होती. मी त्यांची खुर्ची टेबलाकडं ओढली. माझ्या दंडावरचा पट्टा काढला आणि त्यांच्या दंडावर आवळला. असा आवळला की बोटं निळी पडली. त्यांचा हात टेबलावर आपटला. मऊ हात. शीर शोधायला लागली.

सुई हातात घेतली.

"नाव?"

सरांनी हात ओढून बघितला, पट्टा सुटेना. डोळे पांढरे.

"पूर्ण नाव. तुमच्या तोंडून. बापाचं नाव. वय."

त्यांनी सांगितलं.

"सुई लावू का? परवानगी हाय?"

"नाही," सर म्हणाले. "नाही, नको, प्लीज."

मी सुई डब्यात टाकली. सुयांच्या डब्यात, नियमाप्रमाणं. नाय म्हटल्यावर टोचायचं नसतं, एवढं ज्या तोंडानं शिकवलं होतं त्या तोंडाला ते मी करून दाखवलं. मागं रॅकवर ट्यूबा उभ्या होत्या, चाळीस-पन्नास. माझे हात इतके सळसळत होते की एक फटका आणि सगळ्या जमिनीवर. पण त्यांना हात लावला नाय. त्या ट्यूबांत माणसं होती.

खाली उतरले तर गाडीला तास होता. एका डंपरला हात केला. ड्रायव्हरनं माझ्या कुडत्यावरचं रक्त बघितलं आणि नागोठणं सोडून थेट कासूच्या फाट्यापर्यंत डंपर दामटला. पुढं मी पळाले. किती पळाले ते विचारू नका, मी सांगीन आणि तुम्ही मानणार नाय.

टेंपो अजून होता. भांडी चढली होती, कोंबड्या चढल्या होत्या, जनी चढली होती. पत्र्याला टेकून, तोंड उघडं टाकून श्वास घेत होती. मी फळीवर चढले आणि तिला काखेत धरलं. भाऊ आला, माझ्या कानाखाली मारली. मी त्याला उलटी मारली. त्यानं आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडनं खाल्ली. मुकादम ओरडत होता, "ए, टायम झाला, उतर खाली!"

मी आईला हाक मारली. "आये, ह्या कागदावर तुजा रगत हाय! तुजा! बारा तुजा हाय! हिचा किती ते कुनालाच ठावं नाय!"

आईच्या चेहऱ्यावर मी ते उमटताना बघितलं. मग तिनं पदर खोचला. टेंपोच्या पुढं गेली आणि चाकासमोर मातीत मांडी घालून बसली. तिच्या मागनं दुसरी बाई येऊन बसली. मग तिसरी. मुकादमानं हॉर्न वाजवून वाजवून हात दुखवून घेतला.

जनीला आम्ही पेणला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथं लॅबमध्ये एक वयस्क बाई होत्या. चष्मा नाकावर, कपाळावर घाम. बाहेर रांग. त्यांनी जनीचा हात हातात घेतला, आणि पट्टा बांधायच्या आधी विचारलं, "नाव काय बाळा तुझं? पूर्ण सांग."

जनीनं माझ्याकडं बघितलं. "मीच सांगू?"

"तूच सांग. ती नको."

जनीनं नाव सांगितलं. स्वतःचं, नवऱ्याचं, आडनाव. इतकं हळू, जसं काय उसनं घेतलेलं. बाईंनी तिच्यासमोर ट्यूबवर लिहिलं. मी भिंतीकडं तोंड केलं. मारताना मला रडू आलं नव्हतं, तिथं आलं.

चार पूर्णांक सहा. हा आकडा मी वाढवलेला नाय आणि कमीही केलेला नाय.

रक्त अलिबागला मिळणार होतं. ॲम्ब्युलन्स वडखळला अडकली, पुढं ट्रेलर, मागं ट्रेलर. जनीला तिथंच कळा लागल्या. अलिबागला तिला तीन पिशव्या रक्त चढवलं. ती वाचली. मूल नाय वाचलं. मुलगी होती. डॉक्टर म्हणाले, आठ-दहा दिवस आधी आली असती तरी पोर हाती लागलं असतं. आठ-दहा दिवस आधी मी सरांच्या टेबलावर हात ठेवून गप्प बसले होते. भट्टीवर गेली असती तर दोघी गेल्या असत्या, असं सगळे मला समजावतात. मी ऐकून घेते. माझी समजूत पटलेली नाय.

सरांनी माझ्यावर मारहाणीची तक्रार केली. मी त्यांच्यावर आरोग्य खात्याकडं लेखी तक्रार केली. मग मागच्या आठवड्यात पुतण्या वाडीत आला. नवा दात बसवलेला. बरोबर माझं लॉगबुक, पानापानावर सही केलेली.

"काका म्हणाले, झालं गेलं. एक ओळ लिहून दे, गैरसमजातून झालं म्हणून. परीक्षेला बस. तुझं वर्ष कशाला घालवतेस?"

आई पडवीत तांदूळ निवडत होती. तिनं विचारलं, "कोन हाय गो?"

मी म्हटलं, "ज्यानं तुला तीनदा टोचला तो."

आईनं सूप खाली ठेवलं. उठली. पुतण्यासमोर गेली आणि म्हणाली, "माजा नाव इचार."

तो हसला. मग हसायचा थांबला. मोटरसायकल चालू करायला त्याला चार लाथा लागल्या. लॉगबुक पायरीवर पडलं होतं. मी ते परत त्याच्या डिकीत कोंबलं. वर्ष गेलं. जाऊ दे. पुढचं वर्ष आहे, दुसरी लॅब आहे, त्या चष्म्याच्या बाई म्हणाल्यात की अर्ज कर.

पण त्याच्या आधी एक काम आहे. शिबिरात चौसष्ट जणांचं रक्त घेतलं होतं. जनीचा एक कागद खोटा निघाला. उरलेले त्रेसष्ट वाडीत होते, कुणाच्या पत्र्यात खोचलेले, कुणाच्या देवाशेजारी लावलेले, एकानं तर हळद लावलेली. त्यातल्या कुठल्या माणसाच्या नावावर कुणाचं रक्त आहे ते देवालाही माहीत नाय आणि सरांनाही नाय. कुणाची साखर कुणाला, कुणाची कावीळ कुणाला. लोक त्या कागदांवर जगतायत. मी दारोदार फिरून सगळे गोळा केले. या वेळी थाप मारली नाय. प्रत्येक दारात सांगितलं, हा कागद खोटा आहे आणि तुम्हाला तिथं मी नेलं होतं. दोघांनी शिव्या दिल्या. मी त्या उभ्यानं घेतल्या.

मंगळवारी पेणला माझ्या तक्रारीची चौकशी आहे. त्या कागदांची पिशवी घेऊन मी जाणार. मी काय मागणार ते लिहून ठेवलंय: त्रेसष्टही कागद लेखी रद्द करा, आणि सरकारी लॅबनं एकेकाचं रक्त परत घ्या. दात पाडला तो कबूल करणार, त्याची काय शिक्षा असेल ती द्या. माफी मागणार नाय. तक्रार मागं घेणार नाय. आणि शेवटचा कागद रद्द झाल्याचं शिक्क्यासकट हातात पडल्याशिवाय मी त्या कचेरीतनं उठणार नाय.